खडस सगळीकडे एकच नाही



‘फ्लाय फिशिंग म्हणजे थंड पाण्यातल्या ट्राउटचा खेळ’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. ट्राउट निलगिरीत साहेबाने आणला. कावेरीच्या कोमट पाण्यातला, नारिंगी परांचा, पाठीला कुबड असलेला महसीर, म्हणजे आपल्या खडशीचा भाऊबंद, मात्र तिथलाच. ५० किलोंपर्यंत वाढणाऱ्या या धिप्पाड माशाची नेमकी शास्त्रीय ओळख पटायला २०१८ उजाडले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

‘मत्स्यबीज सोडा’ हा त्यांचा उपाय तर उफराटाच. लोणावळ्यात वाढवलेल्या निळ्या परांच्या महसीरचे बीज कावेरीत सोडले गेले (हेतू चांगलाच होता), ते फोफावले आणि मूळचा मागे पडला. गळकऱ्यांनी उलटा काटा नसलेला गळ वापरावा, मासा पाण्यातच सोडवावा. परक्या नदीचे बीज मात्र कृपा करून सोडू नये.

– एक वाचक, पुणे