शेवटची रेड आणि शेवटची एसटी

मॅचची शेवटची पाच मिनिटं राहिली होती आणि मी मैदानावरून निघालो. कारण एकच. सव्वापाचची एसटी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची फायनल, आपली टीम फायनलमध्ये, आणि मी स्टँडवर. गंगाखेडला शिकणाऱ्या पोरापोरींना यात काही नवल वाटणार नाही. आपल्यातले कितीतरी अपडाऊनवाले. ती गाडी चुकली की पुढची कधी येईल याचा भरवसा कंडक्टरलाही नसतो, आणि घरचे फोनवर फोन करतात ते वेगळंच. गाडी गोदावरीच्या पुलावर आली तेव्हा मित्राचा फोन आला, "हारलो लेका. एका पॉइंटनं."

स्कोअर २७-२७ होता. शेवटची रेड आपली. आपला रेडर बोनसला गेला, वळताना टाच साईडलाईनच्या बाहेर पडली. पंचानं हात वर केला. २८-२७. खेळ खल्लास.

ती रेड मी पाहिली नाही. पण तेव्हापासून ती किमान पन्नास वेळा ऐकली. टपरीवर चहा सांगितला की कुणीतरी विषय काढतंच. एक म्हणतो, टाच गेलीच नव्हती, पंचानं खाल्लं. दुसरा म्हणतो, लाईनच पुसली गेली होती, पंचाला तरी काय दिसणार? तिसरा म्हणतो, बोनस घ्यायची गरजच काय होती, वेळ काढायचा, टाय करायची. आणि चौथा, जो त्या दिवशी एसटीत माझ्या शेजारच्या सीटवर बसला होता, तोही आता डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतो. व्हिडिओ कुणाकडेच नाही. त्यामुळे प्रत्येकाची रेड वेगळी.

शेवटच्या मिनिटाचं असंच असतं. आधीच्या पस्तीस मिनिटांत कुणी काय केलं हे विसरायला होतं, शेवटची रेड डोक्यात बसते.

हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत कॉलेजांच्या बास्केटबॉलचं केवढं वेड आहे हे रील्स बघणाऱ्यांना माहीतच असेल. तिथली राष्ट्रीय फायनल फुटबॉलच्या अवाढव्य स्टेडियममध्ये होते आणि खेळणारे कोण, तर आपल्याच वयाचे कॉलेजचे विद्यार्थी. २०१६ ची फायनल आठवून बघा, नसेल पाहिली तर शोधा. नॉर्थ कॅरोलायनाच्या मार्कस पेजनं हवेत अंग वाकवून अशक्य वाटणारा थ्री-पॉइंटर टाकला आणि ७४-७४ अशी बरोबरी केली. घड्याळात पाच सेकंदही उरले नव्हते. तेवढ्यात व्हिलानोव्हाच्या पोरांनी बॉल पुढं नेला, क्रिस जेन्किन्सनं तो फेकला, बॉल हवेत असतानाच वेळ संपली आणि तो बास्केटमध्ये पडला. ७७-७४. पेजचा तो शॉट एरवी वर्षानुवर्षं दाखवला गेला असता. पण पाच सेकंदांत तो हरलेल्या टीमचा शॉट झाला.

त्याहून मला २०१० ची फायनल जवळची वाटते. ड्यूक हे मोठं, नावाजलेलं विद्यापीठ. समोर बटलर हे छोटं कॉलेज, आणि फायनल त्यांच्याच गावात, इंडियानापोलिसला. ड्यूक ६१, बटलर ५९. शेवटच्या क्षणी बटलरच्या गॉर्डन हेवर्डनं अर्ध्या मैदानावरून बॉल फेकला. तो बोर्डाला लागला, रिंगला लागला आणि बाहेर पडला. पडला असता तर बटलर चॅम्पियन. न पडलेल्या त्या बॉलची गोष्ट लोक आजही सांगतात. म्हणजे जिंकणं हा एकच निकष नाही. लोक तिथं होते, त्यांनी तो बॉल हवेत पाहिला, श्वास रोखला. हरल्यावरही त्यांच्याकडे काहीतरी उरलं.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेचं काय सांगतो, तिथं पैसा आहे. बरं, मग आपल्या मातीतले खेळ घेऊ.

२०२२ ची अल्टिमेट खो-खोची पहिली फायनल पुण्यात झाली. ओडिशा जगरनॉट्स विरुद्ध तेलुगू योद्धाज. अवघी काही सेकंदं शिल्लक असताना सूरज लांडेनं झेप घेऊन स्कायडाइव्ह मारली, तीन गुण मिळाले आणि ओडिशा ४६-४५ नं जिंकलं. शाळेत असताना आपण सगळे खो-खो खेळलोय. बसायचं, खो द्यायचा, पळायचं. त्या खेळाची फायनल एका गुणावर फिरू शकते आणि टीव्हीसमोर बसलेल्या माणसाच्या हाताला घाम फुटू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

किंवा ७ ऑक्टोबर २०२३ घ्या. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत एकाच दिवशी कबड्डीच्या दोन फायनल. मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ नं हरवलं आणि भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक आलं. याच तैपेईबरोबर गटात ३४-३४ अशी बरोबरी झाली होती, म्हणजे फायनल सोपी जाणार नाही हे आधीच ठरलेलं. मुलांची मॅच इराणशी. २८-२८, वेळ संपत आलेली, आणि पवन सेहरावत रेडला. तो कुणालाही न शिवता लॉबीत गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. आता गुण कुणाला? जुना नियम की नवा? निर्णय फिरत राहिला, दोन्ही टीम मॅटवर बसून राहिल्या आणि मॅच तासभर थांबली. शेवटी भारत ३३-२९ नं जिंकला. बारकाईनं पाहिलं तर सगळा राडा एका रेषेचा होता. पाय आत की बाहेर.

आणि इथंच मला आपला तो रेडर आठवतो.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्याला नवीन नाव मिळालं, ‘लाईनमन’. व्हॉट्सॲप ग्रुपवर स्टिकर निघाले. वर्गात आला की कुणीतरी मागून ओरडायचं, "भौ, लाईन बघून चाल." मीही हसलो, खोटं कशाला बोलू? तो दोन आठवडे कॉलेजला आलाच नाही. घरी सोयाबीनची काढणी चालू आहे असं सांगायचा. काढणी खरी होती, पण न येण्याचं कारण ती नव्हती हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

मग एक दिवस स्कोअर लिहिणाऱ्या मुलीनं गुणपत्रक दाखवलं. टीमच्या २७ पैकी १२ गुण त्या एकट्याचे. सेमीफायनलला तर त्याच्याशिवाय टीम टिकलीच नसती. म्हणजे ज्या पोरामुळं आपण फायनलला गेलो त्यालाच फायनल घालवणारा म्हणून आपण नाव ठेवलं होतं. त्यातले निम्मे नाव ठेवणारे तर मॅच संपायच्या आधीच एसटीत जाऊन बसलेले, माझ्यासकट.

शेवटच्या क्षणाला चुकलेल्या खेळाडूचं पुढं काय होतं, हे बघण्यासारखं आहे. १९९३ च्या अमेरिकन कॉलेज फायनलमध्ये मिशिगनचा ख्रिस वेबर शेवटच्या ११ सेकंदांत दोन गुणांनी मागं असताना गडबडला आणि त्यानं टाइमआउट मागितला. टीमकडे टाइमआउट शिल्लकच नव्हता. त्याची शिक्षा झाली आणि मॅच गेली. त्याच वेबरचं नाव २०२१ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं. आणि २०२२ ला पुण्यात एका गुणानं हरलेल्या तेलुगू योद्धाजचा कॅप्टन कोण होता? आपल्या महाराष्ट्राचा प्रतीक वाईकर. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारतानं नेपाळला ५४-३६ नं हरवलं, तेव्हा भारताचा कॅप्टन हाच. त्याच दिवशी मुलींनीही नेपाळला ७८-४० नं हरवलं, कॅप्टन प्रियांका इंगळे.

एका गुणानं हरणं म्हणजे शेवट नाही, हे यातून दिसतं. पण वेबर किंवा वाईकर यांना पुढची मॅच मिळाली, टीम मिळाली, प्रशिक्षक मिळाले. आपल्या कॉलेजच्या रेडरला काय मिळतं? तीन वर्षं मिळतात. एक वर्ष विद्यापीठाच्या टीमचे ट्रायल समजून घेण्यात जातं, एक वर्ष दुखापतीत किंवा शेतीच्या कामात. उरलेल्या एका वर्षात त्याला स्वतःला सिद्ध करायचं असतं. तेवढ्यात त्याचं नाव ‘लाईनमन’ पडलं आणि तो मैदानावर यायचाच थांबला, तर नुकसान त्याचं एकट्याचं नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पोलीस भरतीच्या तयारीला लागलेल्या आपल्याकडच्या पोरांना ते तोंडपाठ असतं. त्यासाठी वरच्या पातळीवर खेळावं लागतं, आणि तिथं जायची पहिली पायरी हेच कॉलेजचं मैदान.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे.

पहिली, फायनलची वेळ बदला. हे मी सगळ्यात आधी म्हणतो, कारण याला पैसा लागत नाही. आपल्याकडे उद्घाटन सकाळी दहाला म्हणतात आणि पाहुणे बाराला येतात. मग हारतुरे, मग भाषणं. लीगच्या मॅच दुपारपर्यंत रेंगाळतात आणि फायनल पाचला, उतरत्या उन्हात. तेव्हा मैदानावर उरतात दोन टीम, पंच आणि हॉस्टेलची दहा-पंधरा पोरं. ज्यांच्यासाठी कॉलेज खेळतं ते सगळे स्टँडवर. भाषणं बक्षीस समारंभाला ठेवा, मॅच नऊला सुरू करा, फायनल दोनला घ्या. बाहेरगावच्या टीमनाही अंधाराच्या आत घरी जाता येईल. लेक्चर बुडतात म्हणाल तर वर्षातून एक दुपार बुडू द्या. पोरं एरवी कुठं एवढी वर्गात बसतात, हे सरांनाही ठाऊक आहे.

मुलींच्या मॅचला तर हे आणखीच लागू आहे. त्यांची फायनल उशिरा सुरू झाली तर खेळणाऱ्या मुलींचंच अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं. शेवटच्या रेडला जाताना "गाडी मिळेल का" हा विचार डोक्यात असेल तर ती मुलगी खेळणार कशी? २०१८ ला जकार्तात इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ नं हरवून सुवर्ण घेतलं, त्यांच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. आपल्याकडे शिकवणारी माणसं आहेत, खेळणाऱ्या मुली आहेत. त्यांना निदान उजेडात आणि चार लोकांसमोर खेळू द्या.

दुसरी, लिहून ठेवा. प्रत्येक मॅचचं गुणपत्रक कॉलेजच्या नोटीस बोर्डवर लागलं पाहिजे. कुणी किती रेड केल्या, किती पकडी, कुणाचे किती गुण. त्या मुलीनं ते पत्रक जपून ठेवलं नसतं तर आपल्या रेडरचे १२ गुण कुणाला कधी कळलेच नसते. आणि आपल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. लग्नातली वरात तासभर शूट करतो, मग शेवटची दोन मिनिटं शूट करायला काय हरकत आहे? निदान टाच आत होती की बाहेर हा वाद तरी मिटेल. खरं तर मिटू नये असंही वाटतं, कारण मग टपरीवर बोलायचं कशावर?

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःसाठी. फॅन म्हणवून घ्यायचं असेल तर शेवटपर्यंत थांबायचं, आणि थांबता आलं नाही तर न पाहिलेल्या रेडवर कुणाला नाव ठेवायचं नाही. पुणेरी पलटणची मॅच असली की आपण स्टेटस ठेवतो, रात्री अकरापर्यंत जागतो. त्यांना आपलं नावही माहीत नसतं. आपल्या बाकावर बसणारा पोरगा मात्र रेडला जाण्याआधी एकदा कडेला बघतो, आपलं कोण कोण आहे ते.

तो आता थर्ड इयरला आहे. गेल्या वर्षी खेळला नाही. यंदा सकाळी ग्राउंडवर दिसायला लागलाय, आधी एकटाच पळायचा, आता टीमबरोबर. परवा भेटला तेव्हा मीच विषय काढला, ते ‘लाईनमन’ प्रकरण जरा जास्तच झालं होतं म्हणून. तो हसला. म्हणाला, "जाऊ दे रे. पण खरं सांग, तू पाहिली होती का ती रेड?"

मी नाही म्हणालो. तर म्हणाला, "मग या टायमाला थांब."

मित्राच्या रूमवर एका रात्रीची सोय करून ठेवलीय. घरीही आत्ताच सांगून टाकलंय. त्या दिवशी सव्वापाचची गाडी माझ्याशिवाय जाईल.