दुपारी एक ते दोन, सर्वांसाठी खुलं

परवा एका विद्यापीठातलं लेक्चर ऐकायला हाफ डे टाकला. (नाव घेत नाही. शहरात विद्यापीठं आता ढीगभर आहेत.) संस्कृती आणि समाजावरची दुपारची व्याख्यानमाला, 'सर्वांसाठी खुली, प्रवेश विनामूल्य'. विषय होता मुंबईतले कोळीवाडे. मी वर्सोव्यात राहतो, रोज सुकत्या बोंबलांच्या वासातून मेट्रो गाठतो. म्हटलं, हा तर आपलाच विषय! मॅनेजरला मात्र 'बँकेत काम आहे' असं सांगितलं. लेक्चरला जातो म्हटलं असतं तर त्याने इंटरव्ह्यू कुठे आहे ते विचारलं असतं :)

गेटवर वॉचमन म्हणाला, "आयडी?" ऑफिसचं कार्ड दाखवलं. "स्टुडंट नाय? मग कोणाकडे जायचंय?" वहीत नाव, फोन, 'भेटीचे कारण' वगैरे लिहून हॉल सापडेपर्यंत एक पंचवीस झाले. आत पंधरा माणसं, सगळी एकमेकांना ओळखणारी. बाईंनी इंग्रजीतून पेपर वाचला. चांगला होता, खोटं कशाला बोलू? पण कोळीवाड्यावरच्या भाषणाला कोळी एकही नव्हता. नंतर चहाला एक सर सांगत होते, "यंग जनरेशनला इंटरेस्टच नाही हो." आणि मी समोसा हातात धरून त्यांच्या समोरच उभा!

सर, इंटरेस्ट आहे. सुट्टी नाही.

लंच टाईममध्ये लेक्चर ही कल्पना झकास आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अशी लेक्चर्स 1942 साली, महायुद्ध चालू असताना सुरू झाली. जेमतेम चाळीस मिनिटांची. पण ते कॉलेज भर शहरात आहे, कचेरीतला माणूस चालत येऊन परत जाऊ शकतो. आपल्याकडेही एकेकाळी तसंच जमलं असतं. 1857 चं मुंबई विद्यापीठ फोर्टात आणि कचेऱ्याही फोर्टात. जेवणाच्या सुट्टीत राजाबाई टॉवरखाली जाऊन यायला कितीसा वेळ लागतो? आता नोकऱ्या सीप्झला, बीकेसीला, मालाडला गेल्या. मग दुपारी एकची वेळ सोयीची कोणाला? जो आधीच कॅम्पसवर आहे त्याला. म्हणजे डिपार्टमेंटची मीटिंग, फक्त पोस्टरवर 'सर्वांसाठी खुली'.

मित्र म्हणतो, "यूट्यूबवर टाकतील की, दीडपट स्पीडने बघ." बघतोच. पण यूट्यूबला हात वर करून 'बाई, आमच्याकडे असं नसतं' म्हणता येत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन येणाऱ्या मावशींना या लेक्चरबद्दल सांगितलं तर त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "आमच्यावर भाषण, आनि आमालाच नाय सांगितलं?" आणि सांगितलं असतं तरी दुपारी एकला त्या बाजारात बसलेल्या असतात.

याला पैसा लागत नाही, उठून बाहेर यावं लागतं. मुंबई विद्यापीठातच बहिःशाल शिक्षण विभाग आहे. शाळेबाहेरचं शिक्षण, नावातच सगळं आलं! लायब्ऱ्यांमध्ये, मंडळांमध्ये व्याख्यानं नेण्याची ही पद्धत जुनीच आहे. टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये 'चाय अँड व्हाय' सुरू केलं, तेही रविवारी सकाळी जुहूच्या पृथ्वी थिएटरला. फिजिक्सवाले चहा पीत लोकांमध्ये बसू शकतात, तर समाजशास्त्राचा विषयच मुळात लोक, त्यांना काय अडचण आहे?

त्या आयोजकांना मेल टाकलाय. लिहिलं की दुपारचंच हवं असेल तर आमच्या चकाल्याच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये या, चाळीस मिनिटं, मराठीतून. प्रोजेक्टर मी लावून देतो, एचआरला पटवायचं कामही माझं. आणि कोळीवाड्यावर बोलायचं असेल तर वर्सोव्यातच या. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर असतात, माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. दुरुस्त करता करता ऐकतील आणि चुकलात तर तिथल्या तिथे सांगतील.

उत्तर अजून आलेलं नाही. पुढचं लेक्चर गिरणगावावर आहे, बुधवारी, दुपारी एकलाच. मी जाणार आहे. या वेळी मॅनेजरला काय सांगायचं ते तेवढं ठरायचंय.