दुपारचा डबा आणि ‘डाएट’ चिवडा

वजन उतरवायचं म्हणून दुपारचा डबा बंद करून ‘डाएट’ चिवड्यावर भागवणारे बरेच आहेत. मला हे अजिबात पटत नाही. पोहे भाजके असले तरी शेंगदाणे, खोबरं, तेल असतंच. नुसत्या ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण १७० कॅलरी असतात. आणि चिवडा मुठीवर थांबतो कुठे? त्यापेक्षा मोडाची मटकी वाफवा, कांदा, टोमॅटो, लिंबू घाला. सोबत एक पोळी आणि ताक. प्रथिनं आणि तंतुमय पदार्थांमुळे पोट बराच वेळ भरलेलं राहतं. फोडणी हवीच असेल तर तेल चहाचा एकच चमचा. त्यातही सुमारे ४० कॅलरी असतात.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल, तर जेवण चुकवू नका. साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते. आहार कमी करण्याआधी डोसबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला.