कोर्स झाला म्हणजे पीआर मिळाला असे नव्हे

ऑस्ट्रेलियात कुकरी शिकायला निघालेली मुले आमच्याकडे सल्ल्याला येतात. एजंटने सांगितलेले असते, कोर्स करा, पीआर घ्या. घरात अम्मीचे दागिने विकायची तयारी झालेली असते. आम्ही सांगतो, बेटा, कोर्सनंतर 'जॉब रेडी' ही कौशल्य-तपासणी असते. तिच्यासाठी स्वयंपाकघरात किमान १७२५ तास पगारी काम करावे लागते. पुढचा अर्ज तुमचा व्यवसाय सरकारी यादीत असेल तर. जुलै २०१० मध्ये त्या यादीतून कुक वगळला गेला आणि फी भरून शिकत असलेल्या हजारो मुलांची सरळ वाट बंद झाली. वर्गात डुकराचे मांस, वाइन हाताळावी लागेल का, हेही आधीच विचारा. हुनर जरूर शिका, ते कुठेही हलाल रोजी देईल. यादीच्या भरवशावर दागिने मात्र विकू नका.