गल्ल्यातून मासवडी



मागच्या महिन्यात दुकानात एक जण आला. अर्धा इंची नळ घेतला, पैसे दिले आणि जाता जाता म्हणाला, "सर, तुमचा तो 'उडी मारा' व्हिडिओ मी सात-आठ वेळा बघितला होता." मला वाटलं, आता कौतुक ऐकायला मिळणार. तर गोष्ट अशी निघाली. चाकणला कंपनीत सात वर्षं नोकरी, बावीस हजार पगार. व्हिडिओ बघून राजीनामा दिला, पीएफ काढला आणि मोबाईल अॅक्सेसरीजचं दुकान टाकलं. आठ महिन्यांत शटर खाली. आता परत चाकणलाच आहे, पण ठेकेदाराकडे, सोळा हजारांवर.

भांडला असता तर बरं झालं असतं. तो उलट म्हणाला, "माझंच चुकलं असेल." नळ पिशवीत टाकला आणि गेला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून आज स्पष्ट लिहितो. नोकरी सोडून एकदम उडी मारा, हे मी सांगितलं होतं आणि ते चुकीचं होतं. तेव्हा माझ्या पोटात एक गोष्ट होती, ती मी व्हिडिओत सांगितली नव्हती. ती आता सांगतो.

बोरीत मी दुकान टाकलं पाईप-फिटिंग आणि मोटरच्या सामानाचं. आमचा भाग कुकडीच्या पाण्यावर. ऊस, कांदा, टोमॅटो, प्रत्येक शेतात पाईप आहेच, त्यामुळे गिऱ्हाईक कमी नाही. वडिलांच्या कांद्याचे पैसे, आईची थोडी बचत आणि माझे, असे मिळून चार लाख घातले. बीबीए केलेलं होतं, त्यामुळे 'ड्रॉइंग्ज' म्हणजे मालकाने धंद्यातून घरासाठी केलेली उचल, हे परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण गल्ला समोर असला की परीक्षा कोण आठवतो?

तेव्हा आमचा रविवार ठरलेला. दुपारी शटर ओढायचं आणि घरच्यांना घेऊन आळेफाट्याकडे मासवडी खायला जायचं. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला मासवडी-रस्सा म्हटलं की नाही म्हणता येत नाही. येताना नारायणगावला मसाला दूध. पाच माणसांचे सगळे मिळून चौदाशे रुपये, ते थेट गल्ल्यातून. महिन्याचे चार रविवार धरले तर 5,600. मला ते कधी खर्च वाटलंच नाही. "दिवसभर राबतो, एवढं तर चालतं," असं म्हणायचो.

आता आकडे बघा. महिन्याची विक्री दोन लाख, त्यावर सरासरी 15 टक्के सुटायचे, म्हणजे 30 हजार. त्यातून भाडं 5 हजार, लाईट दीड हजार, पोऱ्याचा पगार 8 हजार. राहिले साडेपंधरा हजार. आणि मी घरी नेत होतो चोवीस हजार. हॉटेल, पेट्रोल, रिचार्ज, टपरीचा चहा, पाहुण्याच्या लग्नाचा आहेर, सगळं एकाच ड्रॉवरमधून. दर महिन्याला साडेआठ हजार जास्त जात होते. हे चौदा महिने चाललं. एक लाख एकोणीस हजार.

हे पैसे कुठून आले? फळीवरून. शंभर एल्बो विकले की सत्तरच परत भरायचो. दुकान रोज चालू, गिऱ्हाईक रोज येतंय, आणि फळ्या हळूहळू मोकळ्या होतायत. मग एक दिवस जुना गिऱ्हाईक अडीच इंची टी मागायला आला, नव्हता. दुसऱ्या दिवशी बॉल व्हॉल्व्ह नव्हता. तिसऱ्या खेपेला तो आलाच नाही, सरळ नारायणगावला गेला. मी मात्र सगळ्यांना सांगत होतो की ऑनलाईनवाल्यांनी मार्केट खाल्लं. मार्केट मीच खाल्लं होतं, मासवडीबरोबर!

एक हिशोब तर मी वहीवर लिहून गल्ल्याच्या आत चिकटवला. 15 टक्के नफ्यावर 5,600 रुपये सुटायला सुमारे 37 हजारांचा माल विकावा लागतो. म्हणजे चार रविवारच्या जेवणासाठी मी जवळजवळ सहा दिवस दुकान चालवत होतो. हा भागाकार तुम्ही तुमच्या धंद्याचा करून बघा. किराण्यात मार्जिन याहून कमी असतं, तिथे आकडा अजून वाईट येईल.

अजून एक फसगत सांगतो. आपल्यातले बरेच जण ठोक पद्धतीने रिटर्न भरतात. रोखीच्या विक्रीवर 8 टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर 6 टक्के नफा दाखवला की झालं. सोय चांगली आहे. पण मग वही ठेवायची सवय राहत नाही, आणि रिटर्नवरचा आकडाच खरा नफा वाटायला लागतो. तो आकडा कर भरण्यासाठी आहे. तुमच्या फळीवर काय उरलं ते त्याला माहीत नसतं.

मग मी काय केलं? स्वतःला पगार लावला. बारा हजार. एक तारखेला दुकानाच्या खात्यातून घरच्या खात्यात, एकदाच. त्यानंतर गल्ल्याला हात नाही. मिसेस म्हणाली, "मुलांचं हॉटेल कशाला तोडता? आधी तुमची टपरी तोडा." बरोबर होतं तिचं. टपरीवर रोजचे साठ रुपये, महिन्याला पंधराशेच्या वर जात होते. हॉटेल आम्ही बंद केलं नाही, महिन्यातून एकदा ठेवलं. पहिले चार महिने घरात कुरबुर झाली, एका आहेराला हात आखडता घेतला म्हणून नातेवाईकही बोलले. पण दर महिन्याला साडेतीन हजार फळीवर परत जायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येतं का? मीच ही म्हण त्या व्हिडिओत मारली होती. पण आठवा जरा, आपण विहिरीत पोहायला कसे शिकलो? पाठीला डबा बांधून! काठावर चुलता उभा, हातात दोर. आपल्याला पाण्यात टाकलं खरं, पण डबा सोडून नाही टाकलं.

हे मला पळायला लागल्यावर जास्त कळलं. वजन 86 वर गेलं, डॉक्टरने शुगरचा आकडा दाखवला, आणि मी पळायला लागलो. आमच्याकडे पहाटे अंधारात पळायची सोय नाही, उसात बिबट्या असतो. ऊसतोड चालू असली की तर नकोच. म्हणून उजाडल्यावर निघतो, कुकडीच्या कडेने. (आमच्या नदीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती पार सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची असल्याचं अभ्यासक सांगतात. गावात निम्म्या लोकांना माहीत नाही.) त्यामुळे दुकान साडेसातऐवजी नऊला उघडतं. सकाळी मोटर बिघडलेला शेतकरी थांबत नाही, तो जातो दुसरीकडे. काही गिऱ्हाइकं मी यात गमावली आहेत, खोटं कशाला बोलू. पण हा खर्च मी मोजून केलाय.

वर्षभराने सातारा हिल हाफ मॅरेथॉनला गेलो. 21 किलोमीटर. साताऱ्यातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि उतरून परत यायचं. सुरुवातीला गर्दी, ढोल, टाळ्या. मी पहिले तीन किलोमीटर असा सुटलो की जणू बक्षीस माझंच. घाट लागला आणि छातीत भाता सुरू. चालायला लागलो. माझ्या वडिलांच्या वयाची माणसं एका लयीत मला मागे टाकून गेली. एक काका जाता जाता म्हणाले, "सावकाश, वर अजून लांब आहे." पोचलो कसाबसा, दोन तास बावन्न मिनिटांत. माझ्या दुकानाचं पहिलं वर्षही असंच गेलं होतं. उद्घाटनाला फुलांची कमान आणि पेढे, आणि घाटात दम नाही.

आपल्याच साताऱ्याच्या ललिता बाबरचं उदाहरण घ्या. माण तालुक्यातलं मोही गाव, दुष्काळी भाग. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिने सलग तीनदा पहिला नंबर काढला. मग 2014 मध्ये तिने मॅरेथॉन बाजूला ठेवून 3000 मीटर स्टीपलचेस धरली. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ, 2015 मध्ये आशियाई अजिंक्यपदात सुवर्ण आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये थेट अंतिम फेरी, दहावा नंबर. लोक याला धाडस म्हणतात. होतंच. पण लांब पल्ल्याचा दम आधीच पायात होता, आणि रेल्वेची नोकरी हातात होती. आपण फक्त उडी बघतो, डबा बघत नाही.

तर माझं मत आता असं आहे. नोकरीत असतानाच आधी सहा महिने दुकानदाराच्या पगारावर जगून दाखवा. पगार बावीस हजार असेल तर बारा हजारांत घर चालवा, उरलेले दहा हजार वेगळ्या खात्यात. सहा महिन्यांत साठ हजार होतात, म्हणजे पाच महिन्यांची उचल. मुद्राच्या शिशु गटात कर्ज मिळतं 50 हजारांपर्यंत. त्याहून जास्त रक्कम तुमच्याकडे बिनव्याजी असेल. आणि बारा हजारांत जमलंच नाही, तर हे कळायला तुम्हाला चार लाख घालवावे लागले नाहीत.

घरच्यांना आधी विचारा, शेवटी नाही. चाकणचा पगार गेला की रविवारची थाळीही जाते, हे बायको-मुलांना राजीनाम्यानंतर कळू नये.

आणि पीएफ. पाच वर्षं सलग नोकरी व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागतो. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, आणि मधेच पेन्शनचेही पैसे काढून घेतले तर आधीची वर्षं पुसली जातात. त्या पोराची सात वर्षं अशीच गेली, दुकानाच्या डिपॉझिटमध्ये आणि काचेच्या शोकेसमध्ये. शोकेस नंतर त्याने निम्म्या किमतीत विकली.

तो जुना व्हिडिओ काढून टाक, असं दोन मित्रांनी सांगितलं. मी काढला नाही. त्याच्याखाली पहिल्यांदा माझीच चूक लिहिलीय आणि या लेखाची लिंक दिलीय. त्या पोराला फोन करून दर रविवारी दुकानात बसायला बोलावलंय. पगार नाही, दोघं मिळून खरेदीची बिलं आणि वही बघतो. नोकरी सोडायचं तो सध्या बोलत नाही, मीही विषय काढत नाही. गेल्या रविवारी वही मिटल्यावर मासवडी खायला गेलो, बिल त्यानेच दिलं, स्वतःच्या पगारातून.