फवारणी करणाऱ्याचे रक्षण

आपल्या हिंगोलीस लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येई; शिवाय अनेक औषधे एकत्र मिसळली जात. याचा दोष मजुराच्या निष्काळजीपणावर ढकलणे न्याय्य नव्हे. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व अंगभर कपडे यांचा खर्च औषधाच्या खर्चातच धरणे हे मालकाचे कर्तव्य होय. डब्यावरील तांबडा त्रिकोण अतिविषारी औषधाची खूण आहे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी निरक्षर मजुरासही समजावून द्यावे. वाऱ्याविरुद्ध फवारू नये. शेतकरी बंधूंनो, मजुराच्या पाठीवर पंप देण्यापूर्वी ही साधने त्याच्या हाती द्यावीत.