रोजा आणि तराजू

टोमॅटोच्या क्रेटमध्ये वर निवडक माल आणि खाली नरम, ही लबाडी नारायणगाव-मंचरच्या बाजाराला नवी नाही. हदीसमध्ये असाच एक प्रसंग आहे. हजरत मुहम्मद पैगंबरांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले.

पण एकट्यानेच सचोटी पाळली तर तो तोट्यात जातो. ती साऱ्या बाजाराची रीत व्हायला हवी. जुन्नरच्या प्राचीन शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दान मिळून देता येते, तर खरे मापही मिळून पाळता येईल. सूर्यास्ताला रोजा सुटतो. तराजूचे बंधन सुटत नाही.